माळढोकाचं चित्र आन् टिटवीची बोंब

उगाच बोंबलती म्हनं टिटवी. ज्या कुनी ही आवई उठवली, त्येनं येकडाव त्या माळावर येऊन बघावं आन् मग तोंड उघडावं. तिचं तोंड तिखट हाय, कबूल. पन पोरांनो, त्या दिशी ती गप बसली असती तर काय झालं असतं ते ऐका, आन् मग ठरवा कोन उगाच बोंबलत हुतं.

कुसळी गवताच्या एका उजाड माळावर ही टिटवी ऱ्हात हुती. शेजारीन तिची माळढोकीन. पाखरू केवढं थोरलं, तर उभं ऱ्हायलं की गवताच्या वर मान काढून पार माळ न्याहाळंल. पन सोभाव भित्रा. आख्ख्या माळावर आता ती आन् तिचा नर, दोघंच उरल्याली. वरसाला अंडं येक. घरटं न्हाई, खोपा न्हाई. तांबड्या टेकाडावर सपाट भुईला अंडं ठेवायचं आन् उन्हात आपल्या अंगाची सावली धरून बसायचं, एवढाच तिचा संसार. टिटवीची बी अंडी भुईवरच, म्हनून शेजारनीचा घोर तिला कळायचा. आदल्या साली माळढोकीन घडीभर चराय गेली आन् अंडं गेलं. कुनी खाल्लं ते टिटवीनं सोताच्या डोळ्यांनी बघितलं हुतं. कोल्ह्यानं.

आता फुडं बघा. खालच्या ओढ्याकडच्या जनावरांना पुळका आला. माळढोक संपत चाललाय, त्येला वाचवाय पायजे, म्हनून सभा भरली. अध्यक्ष कोन, तर कोल्हं. त्येनं डोळ्यांत पानी आनून सांगितलं की माळढोकाचं मोठं चित्र काढू, म्हंजे आल्यागेल्याला त्येची किंमत कळंल. चित्रात वानर पटाईत. शेपटीचा शेंडा रंगात बुडवून कातळावर असं पाखरू उठवायचं की वाटावं, आत्ता उडतंय. त्येच्या मनात पाप नव्हतं, खोटं कशाला बोला. त्येनं ओढ्यावरच्या कातळावर चुनखडीनं मान काढली, कोळशानं डोईवरची काळी टोपी काढली, आन् पाठीला तांबडा रंग कमी पडला. तांबडी माती कुठं, तर त्या टेकाडावर.

झालं. ऊन चढाय लागलं आन् वानर, कोल्हं, दोन साळिंदरं, सशांचं खटलं, समदी वरात माती उकराय टेकाडावर हजर. माळढोकीन बुजली. अंडं सोडून लांब गवतात जाऊन उभी ऱ्हायली, तिथनं नुसती बघाय लागली. अंडं उघडं पडलं. मातीच्याच रंगाचं, त्यामुळं कुनाला दिसंना. साळिंदराचा पाय त्येच्यापासनं चार वितीवर. आन् पाय न्हाई पडला, तरी ऊन काय सोडतंय?

टिटवी त्येंच्या डोक्यावर घिरट्या घालून वरडाय लागली, चालते व्हा म्हनून. ससं खिदळलं. साळिंदर म्हनालं, "हिला वरडायचा रोगच हाय. चांगल्या कामात आडवी येऊ नगंस, बाई."

टिटवीच्या जिभंवर आलं हुतं, आंधळ्यांनो, अंडं हाय हितं. पन म्होरं कोल्हं, कान टवकारून. सांगावं तर त्ये गिळनार, न सांगावं तर ही वरात तुडवनार. अंगाचा नुसता तिळपापड झाला तिच्या. मग तिनं आपल्या जातीची जुनी रीत काढली. धप्पदिशी भुईवर पडली आन् पंख मोडल्यागत फरफटत, कण्हत, उतारानं खाली निघाली.

कोल्ह्याच्या तोंडाला पानी सुटलं. त्ये तिच्या मागं पळालं. बाकीची बी पळाली, पन येकानं तरी इचारावं का, बाई, लई लागलं का म्हनून? वानर शेपटी सावरत म्हनालं, "थांबा, थांबा. पंख मोडकी टिटवी. असं चित्र पुन्यांदा गावायचं न्हाई. टिटवीबाई, जरा मान हिकडं कर."

टिटवीनं मनातल्या मनात समद्यांचा उद्धार केला आन् तशीच फरफटत त्येंना पार कातळापतोर नेलं. तिथं कोल्ह्यानं झडप घातली. टिटवी भुर्रदिशी वर. कोल्हं तोंडावर पडलं ते निवडुंगात, आन् कुईकुई करत पळालं. टिटवी जाऊन बसली चित्रातल्या माळढोकाच्या डोक्यावर. तिकडं टेकाडावर खरी माळढोकीन परत आली हुती. अंड्याला हात लावल्यागत चोच लावली, अजून भाजलं नव्हतं. पंख पसरून ती सावली धरून बसली.

वानर वर बघत ऱ्हायलं. "अगं, तुजा पंख मोडलावता न्हवं?"

"पंख धड हाय माजा. फुटल्यात ते तुमचं डोळं. ज्येचं चित्र काढतोस, त्येलाच आज घरातनं उठवलंस तू. हे दगडावरचं पाखरू अंडं घालनार हाय व्हय रं?"

वानरानं शेपटी खाली सोडली. शेपटीच्या शेंड्यावरनं तांबडी माती टपटप गळत हुती. त्येनं इचारलं, मग मी करू तरी काय.

टिटवी म्हनाली, "त्या कोल्ह्याला अध्यक्षपदावरनं हाकल. टेकाडाच्या वाटंवर बाभळीचं काटं टाक. आन् अंड्यातनं पिलू निघंस्तवर, म्हैनाभर तिकडं फिरकू नगंस. तू न्हाई, तुजा रंग न्हाई, कुनी न्हाई."

तात्पर्य : चित्र काढून पाखरू वाचत न्हाई, त्येची जागा सोडली तर वाचतं. तवा बघत बसू नगा, उठा आन् वाटंवर काटं टाका.