पाच तांबे आणि एक अंगठा

फार पूर्वी, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला नदी, अशा बेचक्यात एक एवढंसं राज्य होतं. तिथे एक तांबट राहायचा. भांडी घडवायची आणि लोकांच्या भांड्यांवर त्यांची नावं घालून द्यायची, हे त्याचं काम. तांब्या आजीच्या हातून नातीच्या हातात गेला तरी त्याने घातलेलं नाव पुसट व्हायचं नाही.

हा तांबट एकाच गोष्टीला भ्यायचा. राजाचा एक कायदा होता: शिक्क्याची नक्कल करणाऱ्याचा उजवा अंगठा तोडावा. तांबटाच्या गुरूचा अंगठा त्याच्या डोळ्यांदेखत गेला होता, आणि तोही नुसत्या संशयावरून. पुढे कितीतरी दिवस गुरू उरलेल्या चार बोटांनी हातोडी धरायला बघायचा आणि ती हातातून निसटून पडायची. तो आवाज आठवला की तांबट काम करताना मध्येच थांबून आपला अंगठा चाचपून बघायचा.

मग एके दिवशी लोकांनी कंबर कसली आणि राजाला हुसकावून लावलं. तीन दिवस घरोघरी गोडधोड झालं. चौथ्या दिवसापासून सगळ्यांना भीती वाटायला लागली.

राजा खिंडीपलीकडे बसून भाडोत्री सैन्य जमवतोय, अशी बातमी आली. खिंडीच्या बाजूला जरा धूर दिसला की बाया पोरांना ओढून घरात न्यायच्या. घोड्याची टाप ऐकू आली की दुकानांच्या फळ्या लागायच्या, मग तो घोडा गावातल्याच एखाद्याचा असला तरी.

नुसती राजाची भीती असती तरी एक वेळ परवडलं असतं. राज्यात पाच पेठा होत्या आणि पाच पेठांचे पाच पंच कारभार बघत होते. प्रत्येक पंचाला आतून वाटायचं, की उरलेल्या चौघांपैकी कोणीतरी उद्या राजा होऊन बसणार! त्यामुळे राज्याचा पितळी शिक्का कोणाकडे ठेवायचा, यावर चार दिवस नुसती हमरीतुमरी चालली. शेवटी तोड निघाली. शिक्क्याचे पाच तुकडे करायचे, एकेक प्रत्येकाकडे. पाचही जुळले तरच कागदावर शिक्का उठेल.

तुकडे करायला अर्थातच तांबटाला बोलावलं. कापताना काही बिघडलंच तर हाताशी असावा, म्हणून त्याने आधी मातीत शिक्क्याचा साचा घेऊन ठेवला. काम बिनचूक झालं, पण साचा मोडायचा राहून गेला. अंगठ्याचा कायदाही तसाच राहून गेला. तो बदलायला कोणाला सवड झाली नव्हती.

आठ दिवसांनी, भर दुपारी, पहिला पंच तांबटाच्या दारात आला. हातात नवा कोरा तांब्या.

"नाव घालायचंय याच्यावर," तो रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. मग आत येऊन त्याने आवाज खाली आणला. "हे बघ, उरलेले चौघे आतून एक झाले तर मला वाऱ्यावर सोडतील. त्यांच्या चार तुकड्यांच्या नकला मला करून दे. वापरणार नाही रे. नुसत्या ठेवायला हव्यात."

"पंच, माझा अंगठा जाईल," तांबट म्हणाला.

"बोललास तर जाईल. आणि नाही म्हणालास, तर नकला तू आधीच केल्या आहेस असं मी सभेत सांगेन. तुझ्या गुरूचं काय झालं, आठवतंय ना?"

तांबटाला आठवत होतं. त्याने त्या मातीच्या साच्यातून चार तुकडे ओतून दिले. पंचाने ते उपरण्यात गुंडाळले आणि तो चोरासारखा निघून गेला. नाव घातलेला तांब्या मात्र तिथेच राहिला.

पुढच्या आठवड्यात दुसरा पंच आला. त्याच्याही हातात तांब्या होता, त्याचंही म्हणणं तेच आणि धमकीही तीच. एकाला करून दिल्यावर दुसऱ्याला नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? तांबटाने त्यालाही दिले. मग तिसरा आला.

तांबटाची बायको भाता ओढत होती. तिसरा पंच गेल्यावर तिने हात थांबवला. "अहो, एका राज्याला शिक्के लागतात तरी किती?"

"हळू बोल," तांबट म्हणाला. "नुसते ठेवायला आहेत ते."

"पाटावरवंटासुद्धा कोणी नुसता ठेवायला घेत नाही," ती म्हणाली आणि पुन्हा भाता ओढायला लागली.

महिन्याभरात चौथा आणि पाचवाही येऊन गेला. आता राज्यात एका शिक्क्याचे पाच शिक्के झाले होते, आणि तांबटाच्या दुकानात खुंट्यांवर ओळीने पाच तांबे लटकत होते. प्रत्येकावर एकेका पंचाचं नाव होतं. ते न्यायला कोणी येईना. पुन्हा त्या दारात दिसायचं कोणाला होतं! तांबट त्यांच्याकडे बघायचं टाळायचा. दारावर थाप पडली की त्याचा हात आपोआप पाठीमागे जायचा.

तेवढ्यात खिंडीतला धूर वाढला. राजाचं सैन्य चार-पाच दिवसांच्या वाटेवर आलं, असं गुराखी सांगायला लागले. आता एकच वाट उरली होती. नदीपलीकडे एक मोठा देश होता. अशी कितीतरी छोटी राज्यं त्यात आपण होऊन सामील झाली होती आणि तिथेही राजा नव्हता. त्या देशाची दूत, एक पिकल्या केसांची बाई, पलीकडच्या तीरावर तंबू ठोकून बसली होती.

सामील व्हायचं का, यावर सभा भरली. "एवढ्या मोठ्या देशात आपण मिठासारखे विरघळून जाऊ," कोणीतरी म्हणालं.

तांबट सभेत कधी बोलायचा नाही. त्या दिवशी बोलला. "गावजेवणाला आपण भांडी देतो. शंभर घरची भांडी एका ठिकाणी येतात. ज्याच्यावर नाव आहे ते आपापल्या घरी परत येतं. आपलं नाव नीट घालून जाऊ, म्हणजे हरवणार नाही."

लोकांना ते पटलं. पाच पंचांनी पाच तुकडे जुळवून पत्रावर शिक्का उठवला आणि पत्र नदीपार गेलं. "शिक्क्याचं पत्र मिळालं की आमची फौज नदी ओलांडेल," दूताने आधीच सांगितलं होतं. "त्याआधी आम्ही पाऊल टाकलं, तर ती चढाई ठरेल."

एक दिवस गेला, दुसरा गेला. फौज काही नदी ओलांडेना. तिसऱ्या दिवशी सकाळी दूत होडीत बसून नदीच्या मध्यापर्यंत आली. सगळं गाव तीरावर धावलं. तिच्या दोन हातांत दोन पत्रं होती.

"या पत्रात लिहिलंय, आम्हाला सामील करून घ्या," ती म्हणाली. "आणि या दुसऱ्या पत्रात लिहिलंय, आम्ही आमच्या राजाला परत बोलावलं आहे, तुम्ही मध्ये पडू नका. दोन्हींवर तुमचाच शिक्का आहे. तसूभर फरक नाही. आता मी कोणतं खरं मानू?"

पाचही पंच एकदम ओरडायला लागले. तू फितूर झालास, नाही, तूच राजाला विकला गेलास! पेठा पेठांवर धावून गेल्या. कोणी वल्हं उचललं, कोणी दगड. आणि मागे, खिंडीखालच्या वाडीच्या वर, काळा धूर उभा राहिला होता. आजवर दिसत होता त्यापेक्षा तो खूप जवळ होता.

काय झालं ते साऱ्या गर्दीत फक्त तांबटाला आणि त्याच्या बायकोला ठाऊक होतं. पाचांपैकी एका घरातल्या नकला त्या घरच्या खऱ्या तुकड्याला जोडून राजाच्या पत्रावर शिक्का उठवला गेला होता. फितुरीने की चोरून, ते देव जाणे. गप्प राहिलं तर अंगठा वाचत होता. दोन घटका गप्प राहिलं की पेठा आपसात लढून मरणार होत्या आणि मग राजा येणार होता. पण राजाने तरी अंगठा ठेवला असता का? त्याला रडूच आलं. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने फक्त दुकानाच्या दिशेने मान हलवली.

तो धावत दुकानात गेला आणि पाच तांबे दोरीत ओवून घेऊन आला. त्यांच्या खणखणाटाने लोक गप्प झाले.

"नकला मी केल्या," तांबट म्हणाला. मागच्यांनाही ऐकू जावं, म्हणून तो पुन्हा म्हणाला, "मी केल्या. पाचही पंचांना. प्रत्येकाला उरलेल्या चौघांच्या."

"साफ खोटं!" पहिला पंच गरजला. "मी याच्या दुकानाची पायरीसुद्धा चढलेलो नाही!"

तांबटाने एकेक तांब्या वाळूत मांडला. "मग हे तुमचे तांबे माझ्याकडे कसे? तुमचीच नावं आहेत. न्यायला आला नाहीत म्हणून राहिले."

लोक पुढे वाकले. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी नावं मोठ्याने वाचली. एकेक नाव वाचलं जाईल तशी एकेका पंचाची मान खाली गेली. "पण कायदा आहे!" पहिला पंच म्हणाला. "नक्कल करणाऱ्याचा अंगठा तोडा!"

दोघे-तिघे खरंच पुढे आले. एकाच्या हातात कोयता होता. होडीतून दूत म्हणाली, "तुमचा न्याय तुम्ही करा. पण आता माझ्या लेखी ही दोन्ही पत्रं रद्दी झाली. तुमच्या शिक्क्यावर मी विश्वास ठेवू शकत नाही, आणि शिक्क्याशिवाय फौज आणू शकत नाही." तिने होडी वळवायची खूण केली.

तांबटाने कोयत्याकडे पाहिलं आणि धुराकडे पाहिलं. मग तो पाण्यात गुडघ्यापर्यंत शिरला.

"बाईसाहेब, थांबा!" तो ओरडला. "माझा अंगठा तोडायचाच असेल तर तोडू देत. पण त्याआधी तो कागदावर उठवून घ्या. याची नक्कल मला येत नाही. कोणालाच येत नाही."

होडी थांबली.

कोयतेवाला जागच्या जागी उभा राहिला. मग तांबटाची बायको पदर खोचून पुढे आली. "माझाही घ्या." तिच्यामागे एक कोळी आला, त्याच्यामागे एक तेलीण. राजाच्या काळात याच लोकांनी न वाचलेल्या कागदांवर चळचळा कापत अंगठे दिले होते. म्हणून कोणीतरी म्हणालं, आधी काय लिहिताय ते वाचून दाखवा. शाळेच्या गुरुजींनी सामील होण्याचं चार ओळींचं पत्र नव्याने लिहून तीनदा वाचलं. तेलिणीने दिव्याची काजळी तेलात कालवली. कागद पुरेना तेव्हा धोतराचं पान फाडून जोडलं. एका पेठेच्या अंगठ्याशेजारी दुसऱ्या पेठेचा अंगठा उठत गेला. सगळ्यांत शेवटी पाच पंच आले, आणि तांबटानेच त्यांच्यासाठी काजळीची वाटी धरली.

दूताने ते लांबच लांब पत्र हातांवर घेतलं आणि फौजेला हात केला.

फौज आली. राजाचं सैन्य खिंडीतून माघारी पळालं. पण दोन शिक्क्यांच्या घोळात जे दिवस गेले, ते गेलेच. खिंडीखालच्या वाडीतली सात घरं जळाली. माणसं रानात पळाली होती, पण एका आंधळ्या म्हातारीला बाहेर पडता आलं नाही. तांबट त्या राखेपाशी बसून लहान मुलासारखा रडला. पंचही आले होते. ते लांब उभे राहिले.

पुढच्या सभेत अंगठ्याचा कायदा वाचला गेला. "तोडायचे तर सहा तोडावे लागतील," गुरुजी म्हणाले. सभेने तो कायदा रद्द केला, पंच बदलले आणि तांबटाला शिक्षा दिली. सापडतील तेवढे सगळे तुकडे वितळवायचे आणि जळलेल्या सात घरांना सात भांडी घडवून द्यायची.

तांबटाने सात घागरी केल्या आणि प्रत्येकीवर घरधन्याचं नाव घातलं. सातवी म्हातारीची होती. तिला सगळे नुसतं म्हातारीच म्हणायचे, त्यामुळे तिचं नाव विचारत त्याला दारोदार हिंडावं लागलं. शेवटी एका गुराख्याला आठवलं. तांबटाने घागरीवर 'ठकूबाई' असं नाव घातलं आणि ती भरून नदीच्या उतारावर ठेवली. आता तिथून मोठ्या देशातली माणसं येतात-जातात, पाणी पितात, आणि ही ठकूबाई कोण म्हणून विचारतात.

पाच तांबे मात्र अजून दुकानातच टांगलेले आहेत. न्यायला कोणी आलेलं नाही.

तात्पर्य: शेजाऱ्याच्या भीतीपोटी आपण गुपचूप जी किल्ली करून ठेवतो, तिनेच शत्रू दार उघडतो, आणि राज्य शिक्क्यावर नाही, उजेडात एकमेकांशेजारी उठवलेल्या अंगठ्यांवर टिकतं.