कुलुपाला ऐकवलेली दवंडी

कांपिल्य नगरात सोमदत्त राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. लोकांची गाऱ्हाणी ऐकता ऐकता त्याचे केस पिकले, पण आवाज कधी चढला नव्हता. एका माणसाने मात्र त्याच्या सहनशीलतेचा अगदी अंत पाहिला.

सीमेवरची गावे पाहून अमात्य घरी परतला, तर करअधिकारी सुंभक दारातच हसतमुखाने उभा. त्याने अमात्याच्या हातात किल्ली ठेवली.

"शेजारचं घर आता आपलं, अमात्य! कर थकला होता. लिलाव केला आणि आपल्या नावानं घेऊन टाकलं. विहीर हवी होती ना आपल्याला?"

हवी तर होती. शेजारच्या मंडिका सुइणीच्या परसात गोड्या पाण्याची विहीर होती, आणि बोधिसत्त्वाची बाग उन्हाळ्यात करपून जाई. तसे तो कधीतरी बोलूनही गेला होता. किल्ली हातात आली तेव्हा त्याचे मन क्षणभर त्या पाण्यापाशी रेंगाळले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

"मंडिका काय म्हणाली?" त्याने विचारले.

"ती नव्हती. घराला कुलूप होतं."

"मग तिला कळवलं कसं?"

"नियमाप्रमाणे! दारासमोर दवंडी पिटली. पुन्हा पुन्हा पिटली. कोणी हूं की चूं केलं नाही."

"कुलूप काय बोलणार, सुंभका?"

"नियमात 'दारासमोर' एवढंच आहे, अमात्य. दार तर तेच होतं."

बोधिसत्त्वाने कपाळाला हात लावला. "अरे, शेजाऱ्यांना तरी विचारायचंस, ती गेली कुठं म्हणून!"

"ते नियमात नाही."

आता या माणसापुढे किती डोके फोडायचे! मंडिका कुठे आहे हे नगरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. राणीचे दिवस भरत आले म्हणून राजानेच तिला राजवाड्यात नेले होते. बाळंतिणीच्या खोलीत शिरलेल्या सुइणीने बारसे होईपर्यंत बाहेर पाऊल टाकायचे नाही, अशी तिथली रीत. त्यात राणीला त्रास नको म्हणून राजवाड्याच्या आसपास ढोल-नगारे वाजवायला राजाचीच बंदी. दवंडी तिच्या कानावर पडणार तरी कशी?

बारसे आटोपून मंडिका घरी आली. दाराला परके कुलूप पाहून ती तडक अमात्याच्या अंगणात शिरली.

"अमात्यबाबा, तुमची लेकरं याच हातांत जन्मली. घर हवं होतं तर तोंडानं मागायचं! मी नाहीच म्हटलं असतं, पण मला कळलं तरी असतं. आता या वयात मी कुणाच्या ओसरीवर पडू?"

बोधिसत्त्वाला लाज वाटली. त्याने किल्ली पुढे केली. पण मंडिका ती घेईना.

"किल्ली घेऊन काय करू? पुढच्या बाळंतपणाला गेले की हा मेला पुन्हा येऊन ढोल बडवील."

तिचे खरे होते. तिला आणि सुंभकाला घेऊन तो राजाकडे गेला.

राजा वैतागला. "झालेला लिलाव मोडला तर उद्या बोली कोण लावील? आणि कर तर हिनं भरलाच नव्हता."

"नव्हता भरला," मंडिका म्हणाली. "भरायला निघाले होते, महाराज. तुमच्याच पहारेकऱ्यानं मला देवडीवरून परत फिरवलं."



"महाराज, घर माझ्या नावावर आहे आणि मी ते सोडतो," बोधिसत्त्व म्हणाला. "तिनं कर भरावा आणि आपल्या घरी जावं. पण इथून पुढं ज्याचं घर जायचं आहे, त्याच्या कानावर ते आधी पडलं पाहिजे. ऐकूनही त्यानं भरलं नाही तर खुशाल विका, मी आड येणार नाही."

"आणि माणूस सापडलाच नाही तर?"

"शोधायचा, महाराज. कर वसूल करायचा असला की आपण रानातला लाकूडतोड्याही शोधून काढतो."

राजाने मान खाली घातली आणि तसा हुकूम दिला. मंडिकेने कर भरला आणि किल्ली कनवटीला लावली. सुंभक हात जोडून पुढे आला.

"महाराज, हा नवा नियम कोणत्या दारासमोर पिटू?"

बोधिसत्त्वाने डोळे मिटले आणि मोठा श्वास घेतला. "माणसांना सांग, बाबा. माणसांना."

भिक्षूंना एवढी कथा सांगून त्यांचे गुरू, शास्ता, थांबले. विहारातल्या एका भिक्षूची कुटी, तो आजाऱ्याच्या उशाशी बसलेला असताना, दुसऱ्याला देऊन टाकली गेली होती. रिकाम्या सभागृहात रीतसर पुकारा करून ती देणारा भिक्षू समोरच बसला होता.

"त्या वेळचा सुंभक तो हाच," शास्ता म्हणाले. "इतके जन्म झाले, तरी अजून रिकाम्या जागेलाच ऐकवतो आहे. मंडिका म्हणजे कुटी गमावलेला भिक्षू. सोमदत्त राजा म्हणजे या पुकाऱ्याला मागाहून मान डोलावणारे तुमचे वडीलधारे. अमात्य मी होतो. भिक्षूंनो, हा न्यायबुद्धीचा गुण आहे. कोणाचे काही काढून घेण्याआधी त्याच्यासमोर जाऊन उभे राहावे, आणि तो काय म्हणतो ते ऐकावे."