येसोपंतांच्या चौकटी आणि चांगुणेचं रीतपत्र

पुष्कळ मागे जा, मुलांनो, आणि मोठ्यांनीही सोबत यावं. आजोबांच्या आजोबांनाही जिथलं नीट आठवत नसेल, तितकं मागे. तेव्हा एका डोंगराळ राज्यात चाळीस गावं होती आणि प्रत्येक गावच्या बाजारात एक लाकडी फलक होता. राजाचा हुकूम, जत्रेची तिथी, रोगराईची सूचना, सगळं त्या फलकावर लागे. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी गावचा दवंडीवाला ते मोठ्याने वाचून दाखवी.

ही पत्रं दरबारात येसोपंत लिहीत. तीस वर्षं लिहीत होते. ते आधी पट्टी लावून कागदावर चौकटी आखत. चौकटीत चौकट, तिच्यात आणखी एक. मग त्यांत मजकूर बसवत. मोकळी जागा हवी असली की तिथे रिकामी चौकट ठेवत. कागद इतका देखणा होई की राजा तो हातात धरून बघत राही. पण गावोगावचे फलक सारखे नव्हते. कुठे ऐसपैस, कुठे जेमतेम हातभर. आणि एक ओळ वाढली की चाळीसही कागद पुन्हा आखावे लागत.

काम वाढलं तेव्हा राजाने चांगुणा नावाची लेखनिक त्यांच्या हाताशी दिली. तिची रीत वेगळी होती. ती मजकूर सरळ एकाखाली एक लिही. आधी मथळा, मग सूचना, शेवटी इशारा. चौकट एकही नाही. तो मजकूर फलकावर कसा दिसावा, हे तिने एका वेगळ्या कागदावर लिहून चाळीस गावच्या कुलकर्ण्यांकडे एकदाच पाठवलं. मथळा तांबड्या शाईने, इशाऱ्याभोवती जाड रेघ, फलक अरुंद असेल तर ओळ कुठे तोडावी, असं सगळं त्यात होतं, आणि त्याप्रमाणे कुलकर्णी मजकूर फलकावर उतरवून घेत. त्या कागदाला ती रीतपत्र म्हणे.

येसोपंतांना हे रुचलं नाही. ते राजाकडे गेले.

"महाराज, मजकूर एका कागदावर आणि त्याचं रूप दुसऱ्यावर, हे कशासाठी? तो दुसरा कागद लोकांना दिसत नाही. त्यातला एक शब्द बदलला की चाळीस गावचे फलक बदलतात. एवढं बळ एका कागदात असू नये."

राजाच्या मनात पाल चुकचुकली. "लक्ष ठेवा तिच्यावर," तो म्हणाला.

येसोपंत लक्ष ठेवू लागले. ती कोणाशी बोलते, कोणता कागद उलटा ठेवते, दार का लोटून घेते. साध्या गोष्टीही त्यांना साध्या दिसेनात. एके दिवशी रीतपत्रात त्यांना एक ओळ सापडली. 'बारीक अक्षरातला मजकूर फलकावर उतरवू नये.'

राजाने चांगुणेला बोलावलं. "बाई, लोकांना दिसू नये असं काय लिहिता तुम्ही?"

"कुलकर्ण्यांसाठी निरोप असतो, महाराज. जुनं पत्र काढून टाका, नवं पोचल्याचं कळवा, एवढाच."

"आज एवढाच," येसोपंत म्हणाले. "उद्या?"

"उद्याचं मी आज कसं दाखवू?" चांगुणा म्हणाली.

तिला उद्याचं दाखवता येत नाही, हाच राजाने पुरावा मानला. रीतपत्रं परत मागवली गेली आणि चौकशी होईपर्यंत तिला घरी बसायला सांगितलं.

त्याच महिन्यात गुरांना खुरकूत झाली. वैद्याने दोन औषधं सांगितली. पाजायला गूळ-हळदीचं पाणी आणि खुरांना लावायला मोरचुदाचं पाणी. मोरचूद विषारी, ते पोटात जाता कामा नये, असंही बजावलं. येसोपंतांनी घाईने दोन चौकटी शेजारी शेजारी आखल्या आणि प्रत्येकीत वर कृती, खाली औषध लिहिलं. इशाऱ्याची ओळ काही केल्या मावेना. खुरांना लावायचं म्हटल्यावर ते पाजणार कोण, असं म्हणून त्यांनी ती गाळली.

आठ दिवसांत डोंगरमाथ्यावरच्या एका गावातून बातमी आली. अकरा बैल तोंडाला फेस येऊन मेले होते. कोणीतरी विष घातलं, असं लोक म्हणू लागले, आणि ते कोणी घातलं हे ठरवायला कोणालाच फार विचार करावा लागला नाही. चांगुणेच्या दारावरून जाताना माणसं थुंकू लागली.

"पंत, त्या गावी जा," राजा म्हणाला. "पुरावा घेऊन या."

येसोपंत गेले. तिथला दवंडीवाला गोंदा फलकापाशी उभा होता.

"त्या दिवशी जसं वाचलंस, तसंच वाच," ते म्हणाले.

गोंदाने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते डावीकडून उजवीकडे सरकवत वाचलं. "पाजावे, खुरांना लावावे. गूळ-हळदीचे पाणी, मोरचुदाचे पाणी."

"असं आडवं का वाचलंस? मधली रेघ दिसली नाही?"

"दिसली की. पण ओळ तर आडवीच वाचतात, पंत. आणि ऐकणाऱ्याला रेघ कशी ऐकवू?"

मागे उभी असलेली एक बाई हळू आवाजात म्हणाली, "आम्ही दोन्ही पाजलं आणि दोन्ही लावलं. पत्रात तसंच होतं ना."

येसोपंतांनी कागद फलकावरून काढला. तो तिथेच फाडला असता तर कोणाला काही कळलं नसतं. चांगुणेवरचा आळ तसाच राहिला असता. हे त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि आपल्या मनात ते आलं याचीच त्यांना भीती वाटली. त्यांनी कागदाची घडी घातली आणि परतीची वाट धरली.

"पुरावा मिळाला?" राजाने विचारलं.

"मिळाला, महाराज. माझ्याच हातचा आहे. तिच्या कागदातली बारीक ओळ मी शोधून काढली. माझ्या कागदातून गाळलेली ओळ मला दिसली नाही."

राजाने चांगुणेला परत बोलावलं. ती आली, पण लगेच बसली नाही.

"पंतांचा प्रश्न खोटा नव्हता," ती म्हणाली. "रीतपत्र दडलेलं नसावं. ते फलकाशेजारीच लावा, ज्याला बघायचं त्याने बघावं."

तसंच ठरलं. चौकटी उरल्या त्या फक्त बाजारभावाच्या यादीपुरत्या, जिथे त्या खरोखर लागतात. राजाने आपल्या गोठ्यातले अकरा बैल त्या गावाला दिले, तरी त्या वर्षी तिथली पेरणी मागे पडलीच. चांगुणेने राहतं घर बदललं. जुन्या शेजाऱ्यांकडे ती पुन्हा कधी गेली नाही. येसोपंत मात्र शेवटपर्यंत प्रत्येक पत्र आधी दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घेत, डोळे मिटून ऐकत, आणि मगच त्यावर शिक्का उठवत.

तात्पर्य: दुसऱ्याच्या नव्या रीतीवर जेवढा संशय घ्याल, तेवढाच आपल्या जुन्या सवयीवरही घ्यावा.