शहाणी झालेली घोडी

करवंदाच्या जाळ्यांनी भरलेल्या एका डोंगरी जंगलात एक वानर राज्य करत असे. फांद्यांवरून उड्या मारण्याचे त्याचे वय सरले होते आणि पायी चालणे राजाला शोभत नाही, असे त्याचे ठाम मत होते. म्हणून फेरफटक्यासाठी त्याने एक तांबडी घोडी पदरी ठेवली होती. घोडी मोठी उमदी. माळावर मोकळी सोडली की कुणी न सांगता, नुसती हौस म्हणून ती चौखूर उधळे आणि घामाघूम होऊन परत येई. मुलांनो, धावणे हेच तिचे सगळे सुख होते. तिचे ते सुख कसे गेले, तेवढेच मला सांगायचे आहे.

त्या दरबाराची एक रीत होती. नवे खोगीर करायचे झाले की माप बसणाऱ्याचे घ्यायचे. त्याप्रमाणे सुतारपक्षी आला. त्याने वानराच्या बैठकीचे माप पुढून घेतले, मागून घेतले, महाराजांना मांडी घालायला लावून पुन्हा घेतले. घोडी शेजारीच उभी होती. तिच्या पाठीचेही माप लागेल, हे कुणाच्या मनातसुद्धा आले नाही. सागवानी सांगाडा, त्यावर शेवरीच्या कापसाची मऊ गादी, असे ते खोगीर इतके झकास झाले की वानर त्यावरून उतरायलाच तयार होईना. गादी वरच्या बाजूला होती. खालच्या बाजूला दोन फळ्या होत्या आणि त्या घोडीच्या मानेमागच्या हाडावर रुतत होत्या.

घोडीने काही दिवस कळ काढली. मग एकदा अदबीने म्हणाली, "महाराज, पाठ फार दुखते. हे खोगीर टोचते."

वानराने बसल्या बसल्या इकडेतिकडे हलून पाहिले. "छे गं! मी रोज याच्यावर बसतो. मला तर कुठेच टोचत नाही."

"वर बसणाऱ्याला टोचत नाही आणि हिला टोचते! नखरे आहेत, महाराज," प्रधान कोल्हा म्हणाला. सगळा दरबार खो खो हसला. वानरही हसला. तो दुष्ट नव्हता बरं का. रोज सकाळी स्वतःच्या हाताने तो घोडीची मान थोपटत असे. मान दुखत नव्हती, एवढेच.

पुढे पुढे घोडीला सोसवेना. घोडीची निगा राखणारे मोतद्दार अस्वल पोटाखालचा तंगाचा पट्टा आवळायला आले की ती कान पाडून दात विचकू लागली. वानराने रिकिबीत पाय ठेवला की अंग चोरून बाजूला सरकू लागली. उतार आला की चारी पाय रोवून उभी राही, कारण उतारावर खोगीर पुढे सरकून नेमके दुखऱ्या जागी बसे. एके दिवशी तिने अस्वलाच्या खांद्याचा चावा घेतला आणि लगेच पाठ उसळवून महाराजांना करवंदाच्या जाळीत भिरकावून दिले.

"आपणच हिला डोक्यावर चढवून ठेवली," महाराजांच्या अंगातले काटे काढता काढता कोल्हा म्हणाला. "माझ्या हाती सोपवा. महिन्याभरात सुतासारखी सरळ करतो." घोड्यांमधले त्याला काय कळत होते? ओ की ठो नाही. पण तो ठासून बोलत असे आणि दरबारात तेवढ्यावर भागते. त्याने घोडीचा दाणा तोडला, लगामात बाभळीचे काटे ओवले आणि तोंडाला मुसके बांधले.

खोगीर रोज अस्वलच उतरवी. पाठीवरची सूज त्याला दिसत होती, पण खांदा अजून ठणकत होता, म्हणून ते गप्प राहिले. बोलला तो एक कावळा. "महाराज, हिची पाठ सोलवटली आहे. एकदा हात लावून तरी बघा."

"तुला काय, जखम दिसली की चोच मारायची," कोल्हा खेकसला. आरोप खरा होता. कावळ्याचे पोट जनावरांच्या जखमांवरच भरत असे. त्यामुळे कावळ्याला हुसकावून लावले आणि त्याची खरी गोष्टही त्याच्याबरोबर गेली. पुढे खोगिराच्या कडेला, घासून घासून, घोडीचे तांबडे केस पांढरे उगवले. कोल्ह्याने ते शुभचिन्ह ठरवले. वानराने हौसेने त्यावर हळदकुंकू लावले.

आणि खरेच, महिन्याभरात घोडी शहाणी झाली. चावेना, उसळेना, उतारावर अडेना. कान हलवायचेही तिने सोडले. माळावर मोकळी सोडली तरी जिथे सोडली तिथेच मान खाली घालून उभी राही. कुणाला त्याचे काही वाटले नाही. दरबारात मोहाच्या फुलांचा हार तिच्या गळ्यात पडला आणि कोल्ह्याला शेला मिळाला.

शिमग्याच्या सुमारास जंगलाला वणवा लागला. वारा सुटला होता. वानर घोडीवर बसून ओढ्याकडे निघाला, कारण ओढ्यापलीकडे आग येणार नव्हती. काठाशी येताच तो ओरडला, "मार उडी!" घोडीने अंग गोळा केले, पण पाठ उचललीच गेली नाही. मागचे पाय लुळे पडले आणि दोघेही काठावर कोसळले.

वानराने घाईघाईने तंग सोडला, खोगीर ओढून काढले आणि तिची पाठ पहिल्यांदाच उघडी पाहिली. "अगं, एवढे झाले आणि तू बोलली नाहीस?"

"बोलले होते, महाराज," घोडी म्हणाली. "तोंडाने बोलले, तर तुम्ही हसलात. दातांनी बोलले, तर मुसके बांधलेत. पाठीने बोलले, तर माझ्या तोंडात काटे घातलेत. गप्प झाले, तेव्हा गळ्यात हार घातलात. मला वाटले, तुम्हाला हेच हवे आहे."

वानराने तिला उठवायची खटपट केली. पुढचे पाय उठले, मागचे उठेनात. धूर नाकातोंडात जाऊ लागला. "या तुम्ही आता," घोडी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. वानर एकटाच ओढ्यात उतरला आणि पलीकडे गेला. त्याने मागे वळून पाहिले नाही.

आग विझल्यावर दरबार भरला. वानर उभा राहिला आणि डोळे पुसत म्हणाला, "फार गुणी घोडी होती. शेवटपर्यंत एका शब्दाने तक्रार केली नाही तिने." सारा दरबार हळहळला आणि कोल्ह्याने सर्वांत मोठा हुंदका दिला.

तात्पर्य : गप्प झाला तो बरा झाला, असे समजू नये; जो चावतो, लाथा झाडतो, त्याला आधी कुठे दुखते ते विचारावे आणि हात तिथेच लावून पाहावा.