उल्हासदादांच्या पानावरची जिलबी

उल्हासदादांच्या रॉक बँडचं एक गाणं कोल्हापुरात चाळीस वर्षं गाजत होतं. त्यातली टाळ्यांची ओळ होती, ‘नको म्हणते पोरगी, मनात तिच्या होच असतं.’

नवी ड्रमर शाल्मली तालमीत म्हणाली, “दादा, ही ओळ बदलू या. असलं ऐकूनच पोरं आमच्या मागे घरापर्यंत येतात.”

दादा हसले. “‘नको’मागचा ‘हो’ ओळखायला कान लागतो, पोरी! पटत नसेल तर दुसरा ड्रमर बघतो.”

संध्याकाळी कार्यक्रम होता. दुपारी त्याच्या यजमानांकडे पंगत बसली, तेव्हा वाढायला शाल्मलीनं जिलबीचं ताट उचललं. दादांना चार वाढल्या.

“बास, नको,” दादा म्हणाले.

तिनं हसत आणखी चार वाढल्या.

“अगं, खरंच नको!” दादांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले. तिनं हातांवरच जिलब्या ठेवल्या. पाक कोपरापर्यंत ओघळला.

दादा कडाडले, “नको म्हणजे नको! कळत नाही तुला?”

सगळ्या पंगतीच्या माना वळल्या.

“मला पहिल्याच वेळी कळलं होतं, दादा,” शाल्मली शांतपणे म्हणाली. “तुमच्या गाण्याला चाळीस वर्षांत कळलं नाही.”

संध्याकाळी कार्यक्रमात टाळ्यांची ओळ आली. दादांनी डोळे मिटून गायलं, ‘नको म्हणजे नको!’ आणि शाल्मलीनं ड्रमवर दणका दिला.