जाळीवरची पाटी

“मग दौलूला आजच जायला सांगू का, बुवा?”

खंडूबुवांनी शेंग फोडली. एक दाणा स्वतःच्या तोंडात टाकला, दुसरा विश्वंभरपुढं धरला.

“आधी खा.”

“बुवा, मी दौलूचं विचारतोय.”

“मी दाण्याचं सांगतोय.”

विश्वंभरनं दाणा खाल्ला. नेमका खवट निघाला. पण गुरूच्या हातचा; थुंकणार कुठं?

मोरदरीचा हा मठ. चारी बाजूंना डोंगर आणि मधे परातीत ठेवल्यासारखी वस्ती. बाहेर पडायचं तर वाघखिंड चढायची. वाट कसली, देवानं डोंगर करून उरलेले धोंडे तिथं ओतले होते. एसटीनं त्या चढाचं तोंड कधी पाहिलं नाही, आणि चढानं एसटीचं.

म्हणून भक्तांनी मिळून मठाला जीप घेऊन दिली. चारी चाकांना ओढ असलेली, टर्बोची. खिंडीपलीकडच्या दवाखान्यात आजारी माणूस पोचवायचं, एवढंच तिचं काम.

विश्वंभर काळोखे तिचा सारथी. शहरात असल्याच गाड्यांचं गॅरेज चालवायचा. मग एक दिवस सगळं सोडून बुवांच्या पायाशी आला. सगळं म्हणजे गॅरेज, मोटारसायकल आणि मिशा. अभिमान तेवढा पिशवीच्या तळाशी राहून गेला. राहतो. कपडे भरताना तळाशी कोण बघतं?

गाडीतलं त्याला कळायचं मात्र खरं. एकादशीचं भजन संपलं की तो जीपचं बॉनेट उघडून, हातात छडी घेऊन मंडळींना इंजिन समजावून सांगायचा. मंडळी कीर्तनाला डोलतात तशी डोलायची. कळायचं तेवढंच.

आणि दौलू. मठाचा झाडूवाला, पाणक्या, जीप धुणारा. रेडिएटरच्या बाटलीत कूलंट भरायचं कामही त्याचंच. मठात त्याला कूलंट कुणी म्हणत नसे. हिरवं पाणी म्हणायचे.

काल भानगड झाली होती. हौसाबाई म्हातारी ओट्यावरून पडली, मांडीचं हाड मोडलं. जीपमध्ये घातली. अर्ध्या चढावर जीपनं नाकातोंडातून वाफ सोडली आणि बसली ती बसलीच. मग चौघांनी घोंगडीची झोळी केली आणि म्हातारीला खिंडीपार नेलं. प्रत्येक धोंड्यागणिक म्हातारीची किंकाळी, आणि किंकाळीच्या मागोमाग शिवी. झोळीच्या पुढच्या टोकाला दौलूचाच खांदा होता.

दवाखान्यात सांगितलं, हाड जुळेल. तोंडाचं काही करता येणार नाही.

विश्वंभर गाडीपाशी थांबला होता. लोक परत आले तेव्हा त्यानं बाटली दाखवली. कोरडी ठणठणीत.

“बघा. भरलंच नव्हतं.”

सगळ्यांनी दौलूकडं पाहिलं. दौलूनं बाटलीकडं पाहिलं. मग आपल्या हातांकडं.

“ऱ्हायलं असंल माझ्याकडनं,” तो म्हणाला.

आणि आज सकाळी न सांगताच गाठोडं बांधून फाटकाशी जाऊन बसला होता. शेजारी त्याची शेळी. जा म्हणायचा अवकाश, दोघं निघणार. कुठं, ते शेळीलाही माहीत नव्हतं.

“सांगू का मग?” विश्वंभरनं पुन्हा विचारलं.

बुवांनी टरफलं झटकली. ते आपल्या अंथरुणावर बसले होते. अंथरूण अंगणातच होतं. त्यांच्या खोलीला पश्चिमेकडं एक खिडकी होती, पण भक्तांनी तिच्यावर बाहेरून बुवांच्या नावाचा मोठा फलक ठोकला होता. तेव्हापासून बुवा अंगणातच झोपायचे. भक्त म्हणायचे, काय हे वैराग्य.

“चल,” बुवा उठले. “मला शिकव.”

“काय?”

“ते तू एकादशीला शिकवतोस ते.”

“तुम्ही तर दर वेळी असता, बुवा.”

“असतो. झोपलेला असतो.”

जीप फाटकाजवळच उभी होती. सकाळी बैलांनी ओढून आणलेली. टर्बोला बैल लावायची वेळ आली, हे पाहून पोरंसोरं खदखदत होती. विश्वंभर येताना दिसला तशी पांगली.

बुवा जीपच्या पुढ्यात धोंड्यावर टेकले. आणखी चारजण बघायला जमले. गुरू शिष्याकडून शिकतोय म्हटल्यावर कोण घरी बसेल?

विश्वंभरनं छडी घेतली. बॉनेट उघडलं. कालपासून खाली गेलेली त्याची मान जरा वर आली.

“हा टर्बो. धुराच्या जोरावर फिरणारी चक्की समजा. ही हवा कोंडून इंजिनात ढकलते. म्हणून ताकद जास्त. आणि ताकद जास्त म्हणून ताप जास्त.”

“असं होय,” बुवा म्हणाले.

“कोंडलेली हवा थंड करायला ही पुढची जाळी. तिच्यामागं रेडिएटर. त्यात हिरवं पाणी फिरतं. इंजिनाचा ताप घेतं, इथं आणून सोडतं, परत जातं.”

“झाकण उघडून दाखव की.”

“ते गरम असताना कधीच उघडायचं नाही, बुवा. वाफ तोंडावर येते. माणूस सोलून निघतो.”

“मग कधी उघडायचं?”

“निवल्यावर.”

“आता निवलंय का?”

“कालपासून उभी आहे. निवलीय गाडी.”

“हां… गाडी. बरं. पुढं.”

विश्वंभर पुढं सांगू लागला. रबरी नळ्या सकाळी दाबून बघायच्या, फुगल्या किंवा चिरल्या तर बदलायच्या. पट्टा ढिला नको. पंख्याला आडकाठी नको. चढ संपल्यावर लगेच किल्ली फिरवायची नाही, टर्बोला थोडा दम खाऊ द्यायचा. शब्द तुपातून यावेत तसे येत होते. कुठंही चूक नव्हती. अगदी आजही त्यातलं एक वाक्य खोटं काढता येणार नाही.

बुवांनी कान खाजवला.

“पण ते पाणी निवतं कशानं?”

“वाऱ्यानं.”

“वारा येतो कुठनं?”

“समोरून. म्हणून तर पहिला नियम, गाडीचं तोंड मोकळं ठेवायचं. चिखल बसू द्यायचा नाही, पालापाचोळा अडकू द्यायचा नाही, जाळीवर काहीसुद्धा…”

जीभ सवयीनं पळत होती. ती पळता पळता ठेचकाळली.

छडी जाळीपाशी थांबली.

“काहीसुद्धा… काय?” बुवांनी विचारलं.

विश्वंभरनं छडी खाली घेतली.

“काईबी वाळत घालायचं न्हाई, बुवा,” फाटकाकडून दौलूनं आवाज दिला. धडा अडला म्हणून बिचारा मदतीला धावला. “म्या येकदा पंचा घातला हुता वाळत. विसूभाऊ लई रागावले. गाडीचा जीव गुदमरतो म्हनले. तवापास्नं घालत न्हाई.”

ऊन वर आलं होतं. जाळीवर पितळेची पाटी झळाळत होती. दोन हात रुंद. काल झोळीत पडल्या पडल्या हौसाबाईनं हीच बघून म्हटलं होतं, “कुणाचं नाव हाय रं ते? ऊन मारतंय डोळ्यांत. झाका की मेल्याला.” आणि कुणीतरी त्या पाटीवर आपला पंचा टाकला होता… तेव्हा विश्वंभरनं तो लगेच ओढून काढला होता.

“चष्मा आत राहिला,” बुवा म्हणाले. “काय लिहिलंय रे यावर?”

“मठाचं नाव आहे.”

“मठाला एवढं पितळ लागतं? आणखी काहीतरी आहे खाली. अक्षर मोठं दिसतंय.”

जमलेले चारजण पाटी वाचत होते. त्यांना रोज दिसत होती ती. पण आज पहिल्यांदा वाचत असल्यासारखे वाचत होते.

“वाच की,” बुवा म्हणाले. “मला दिसत नाही.”

“अखंड सेवेकरी…”

“हां.”

“…विश्वंभर काळोखे.”

स्वतःचं नाव माणूस जन्मभर मोठ्यानं सांगतो. लग्नात बायकोनं उखाण्यात घेतलं की लाजतोही. पण आज ते नाव विश्वंभरच्या तोंडातून असं बाहेर आलं, जसं कुणाच्या तरी खिशातून चोरताना हात धरला जावा.

“छान आहे,” बुवा म्हणाले. “कधी लावलीस?”

“दसऱ्याला. गाडीच्या पूजेला.”

“हौसाबाई काल म्हणत होती म्हणे, गाडीत आतून गरम वाफारा येतो. उन्हाळ्याच्या दिवसांत. तो कशाला?”

“त्यो गुडघ्यांना बरा,” दौलू पुन्हा म्हणाला. “विसूभाऊंनीच सांगितलंय सगळ्यांला. शेक बसतो.”

विश्वंभरला वाटलं, या माणसाचं तोंड कुणीतरी धरावं. मग वाटलं, आपलं धरलं असतं तर बरं होतं.

“शेक नाही,” तो म्हणाला. “हीटर आहे. तो लावला की इंजिनाची धग आत येते. म्हणजे… काटा जरा खाली बसतो.”

“कसला काटा?”

“तापाचा.”

“म्हणजे तो वर जात होता.”

“हो.”

“कधीपासून?”

विश्वंभरनं पाटीकडं पाहिलं. सांगायची गरज उरली नव्हती, तरी त्यानं सांगितलं.

“दसऱ्यापासून.”

म्हणजे दसऱ्यापासून मोरदरीची आजारी माणसं घामानं भिजून दवाखान्यात जात होती आणि डॉक्टर त्यांना ताप आलाय म्हणून गोळ्या देत होता. एरवी या गोष्टीवर चावडीवर महिनाभर हसले असते. आज कुणी हसलं नाही. विश्वंभरची मान पार छातीला लागली होती.

“आणि कालची ती कोरडी बाटली?”

“उकळून उडालं पाणी.” आवाज मातीला सांगत असावा तसा. “काल सकाळी मी बघितली होती. भरलेली होती. दौलूनं भरली होती, बुवा.”

बुवांनी कपाळावर आठी घातली.

“मला कशाला सांगतोस? मी थोडाच भरत होतो.”

जीपपासून फाटक म्हणजे शेळीच्या दाव्याएवढं अंतर. वाघखिंड त्याहून सोपी. विश्वंभर निघाला. पाय पुढं पडत होते; बाकीचा विश्वंभर मागंच ओढ खात होता.

दौलू त्याला बघून उठला. गाठोडं उचललं.

“निगतो, विसूभाऊ. शेळीचं दावं मठाचं हाय, त्ये सोडून ठेवतो.”

“दौलूदादा.”

दादा ऐकून दौलू घाबरला. एवढ्या दिवसांत त्याला दादा कुणी म्हटलं नव्हतं.

“पाणी तुम्ही भरलं होतं. माझ्या पाटीनं गाडी तापली. मला कालच माहीत होतं. चढ लागायच्या आधी, खालीच माहीत होतं. मी… तुमच्यावर ढकललं.”

दौलूनं गाठोडं छातीशी धरलं.

“भरलं हुतं म्या?”

“हो.”

“नक्की?”

“काठोकाठ.”

दौलू मटकन खाली बसला. गाठोडं मांडीवर घेऊन. आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतोय.

“बरं झालं, बाबा. लई बरं झालं. आवो, आमचा बा श्येवटाला भाकरी खाल्लेली इसरायचा. मला माझंच नाव इचारायचा. म्या रातभर त्येच… हातानं वतल्यालं डोळ्याम्होरं दिसतंय, आन् बाटली कोरडी. म्हनलं, आलं. आपल्यालाबी बाचं दुखनं आलं. आता हितं लोकांनी आपलं धुनं धुवायच्या आत निगावं.” त्यानं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं. “हाय की जाग्यावर.”

विश्वंभर वाट बघत होता. एक शिवी. एक थोबाडीत. हौसाबाईची सबंध शिव्यांची पोतडी ओतली असती तरी त्यानं ओंजळीत घेतली असती. दौलूला रागवायचं सुचलंच नाही. तो शेळीला सांगत होता की घरी चल.

सुटका करून घ्यायला माणूस शिव्या मागतो आणि समोरचा नेमका आनंदात असतो, ही फार वाईट जागा. तिथं कधी उभे राहिला असाल तर ठाऊक असेल.

विश्वंभर जीपपाशी परतला. पाना आणला. पाटीचे नट त्यानंच आवळले होते, आणि जन्मात सुटू नयेत असे आवळले होते. बोटं सोलवटली. पाटी निघाली. मागं जाळीत दसऱ्याच्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, मेलेले किडे आणि मातीचा थर. त्यानं बादलीत पाणी घेतलं आणि आतल्या बाजूनं बाहेर हळूहळू सोडलं, जाळीची पातळ पानं वाकू नयेत असं. घाण निथळून खाली आली. धुताना त्यानं छडी हातात घेतली नाही, कुणाला काही सांगितलं नाही.

जमलेले पांगले. त्यातला एकजण जाता जाता आपल्या बैलगाडीकडं गेला आणि साटीच्या पुढच्या फळीवर रंगवलेलं काहीतरी टोपीनं पुसायला लागला.

बुवा अंगणात आपलं अंथरूण झटकत होते. पश्चिमेचा वारा सुटला होता.

विश्वंभर पाटी छातीशी उलटी धरून उभा राहिला. पितळ अजून गरम होतं.

“बुवा.”

“हं.”

“दौलूदादा राहतायत.”

“शेळी?”

“तीही.”

“बरं.”

विश्वंभर हलला नाही.

“ही पाटी… आता कुठं लावू?”

बुवांनी चादर पसरली. उशी ठेवली. खोलीच्या, फलकानं बंद झालेल्या खिडकीकडं एकवार बघितलं, आणि आडवे झाले.

“वारा अडणार नाही अशी जागा बघ,” ते म्हणाले. “सापडली की मलाही सांग.”