जात्याला सांगा

फार वर्षांपूर्वी, आंबेघोळला गाडीरस्ता नव्हता आणि दुखणीसुद्धा पायवाटेनं चालत यायची, तेव्हाची ही गोष्ट. गावात तिघं जाणती माणसं होती. पाला-मुळी देणारा तुळाजी वैद्य, बाळंतपणं करणारी धोंडाई सुईण आणि हाडं बसवणारा येसबा. आजाऱ्यांसाठी गावानं एक घर बांधलं होतं आणि त्या घराची कारभारीण होती हौसाक्का. तिला औषधातलं ओ की ठो कळत नव्हतं, असं म्हणतात. हे ती स्वतःच आधी सांगून टाकायची, त्यामुळे दुसऱ्या कुणाला तो आनंद मिळत नसे.

तिघांच्याही हाताला गुण होता. पण औषध दुसऱ्याला सांगितलं की त्याचा गुण जातो, अशी तिघांची पक्की समजूत. त्यामुळे एकजण आजाऱ्यापाशी बसला, की उरलेले दोघं अंगणात तोंड फिरवून बसत.

एके वर्षी हौसाक्काची सून यमू आजारी पडली. नवी नवरी, हातातला चुडासुद्धा अजून उतरला नव्हता. पोट फुगलं, दुखायला लागलं. हौसाक्कानं तिघांना बोलावलं. तुळाजीनं पुडी दिली. धोंडाईनं पदराआडून वाटी पाजली. येसबानं पोट चाचपलं आणि जाता जाता बजावलं, "पाण्याचा थेंब द्यायचा न्हाई."

दुपारपर्यंत पोरीला सारखं परसाकडं न्यावं लागलं. डोळे खोल गेले, ओठ फुटले. "आत्याबाई, पाणी," ती पुटपुटली. सुनेनं सासूकडं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं, आणि नेमकं तेच हौसाक्काला देता येत नव्हतं.

तिनं तिघांनाही ओसरीवर बोलावून घेतलं. "काय काय दिलंत?"

"आक्का, सांगितलं तर गुण जाईल," तुळाजी म्हणाला.

"आणि न्हाई सांगितलं तर पोर जाईल!"

"मग आधी येसबाला सांगू द्या," धोंडाई म्हणाली.

"मी का म्हणून आधी? मी काय धाकटा हाय?"

हौसाक्काला रडू यायचं ते हसू आलं, असं म्हणतात. ओरडून ही माणसं हलायची नाहीत, हे तिनं ओळखलं. दळताना बायका जात्याला काय काय सांगतात, हे तिला आठवलं. माहेरची आठवण सांगतात, सासूची गाऱ्हाणी सांगतात, आणि जातं कुठं बोलत नाही. सासू झाल्यावरही ती हे विसरली नव्हती. तिनं जातं ओढत ओसरीच्या मधोमध आणलं.

"माणसाला सांगितलं की गुण जातो न्हवं? मग मला सांगूच नका. जात्याला सांगा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तुळाजी वाकला. "बाबा जात्या, म्या जुलाबाला जमालगोटा दिलाय."

"अगं बया!" धोंडाई दचकली. "जात्या, म्या वर एरंडेल पाजलंय की!"

येसबा पांढराफटक पडला. "आन् म्या पाणी तोडलंय."

त्या क्षणी जातं आपोआप एक फेरा फिरलं, असं म्हणतात. येसबाचा गुडघा लागला असेल, असंही म्हणतात, पण हळू आवाजात. चूक कुणाची, हे हौसाक्कानं विचारलंच नाही. ती म्हणाली, "आता पुढं काय करायचं, तेबी जात्यालाच सांगा."

मग पाणी आणायला येसबाच धावला. धोंडाईनं यमूचं डोकं मांडीवर घेऊन चमच्या चमच्यानं ते पाजलं. तुळाजी नाडी धरून बसला. हौसाक्कानं तांदळाची पेज रांधली. दिवस कलला तशी यमूनं डोळे उघडले, पेजेचा घोट घेतला आणि म्हणाली, "आत्याबाई, अळणी झालीय."

सुनेनं नावं ठेवल्यावर एवढी खूश झालेली सासू आंबेघोळनं पुन्हा पाहिली नाही, असं म्हणतात. मीठ आणायला ती पळतच गेली.

आता तिथं सरकारी दवाखाना आहे. व्हरांड्यात एक जातं आहे, त्याला सगळे हौसाक्काच म्हणतात. पाळी बदलताना डॉक्टर, सिस्टर, आशाताई, झाडलोट करणारे मामा, सगळे भोवती बसतात आणि कुणाला काय दिलं, काय राहिलं, ते जात्याला सांगतात. नव्या डॉक्टरांना आधी लाज वाटते. मग एक दिवस तेही वाकतात, "हौसाक्का, आज माझ्याकडून एक चूक झाली." कुणी हसत नाही. कुणीतरी उठतं आणि ती निस्तरायला लागतं.